तात्यांची रिकामी बाटली

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, नाईक लालासाहेब, फौजेत ट्रक चालवायचे. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे अन् निम्मं हिंदी बोलायचे, "चलो रं पोरांनो, जल्दी पाय उचला!" ही नक्कल मी आजही उंब्रजच्या स्टँडवर करतो. चहावाला फुकट कप देतो.

सत्तरच्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांचा होतो. आजोबांबरोबर आम्ही पोरं स्टँडवर गेलो होतो. तात्या एस.टी.तून उतरले, मी धावलो. त्यांनी मला ओलांडून चुलत्याच्या अंजनाला खांद्यावर घेतलं. "आमची अंजाक्का लय मोठी झाली की गं!" माझ्या हातात दिली पाण्याची बाटली. तीही रिकामी. घरापर्यंत अंजी वर झुलत होती अन् तिची टाच माझ्या कानाला लागत होती.

संध्याकाळी सोप्यात सगळे बसलेले बघून मी घागर खांद्यावर घेतली अन् तात्यांचा आवाज काढला, "आमची घागराक्का लय मोठी झाली की गं!" माझे आजोबा, आबा, हसून हसून खोकले. "बेनं लय नकल्या हाय!" तात्या मात्र उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, जिंकलो.

वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं लेकरू उचलायचं नाही, भावाचं चालतं, ही रीत मला ठाऊक होती. पण बंदूकवाला माणूस म्हाताऱ्या आबांना बिचकेल, हे डोक्यातच आलं नाही. त्यांना अंजीच आवडते, असं धरून मी वर्षानुवर्षं तिच्या पाटीवरचा अभ्यास पुसला.

आता मला अठरावं चालू आहे. आबा गेले, तात्या पेन्शनीत आले. या दिवाळीत माझा थोरला भाऊ केरबा फौजेतून आला. त्याची सव्वा वर्षाची लेक दोन्ही हात वर करून त्याच्याकडे निघाली. केरबानं सोप्यात बसलेल्या तात्यांकडे बघितलं अन् वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. पोरीनं भोकाड पसरलं.

"केरबा, उचल तिला."

"आवं पण तात्या, तुमच्यादेखत..."

"मी चाललू गोठ्यात. उचल."

मी मागोमाग गेलो. तात्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे. आतून पोरीचं खिदळणं ऐकू येत होतं. दीड वितीची पोर, पण तिचा असा हेवा वाटला, की अंजीचाही कधी वाटला नव्हता.

"आबा असं एकदाबी उठलं न्हाईत व्हय?" मी माझ्याच आवाजात विचारलं.

"न्हाई. लय वाट बघितली." तात्यांनी वैरण पुढं सारली. "ती बाटली मी उतरायच्या आदी वतून टाकली व्हती. भरलेली तुला जड झाली असती."