मुदत न घातलेला नियम

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. नळाला पाणी उशिरा आले. ऋषभ जिन्यात चक्कर येऊन बसला. डॉक्टरांनी रक्तदाब कमी असल्याचे सांगितले; दोन वेळा जेवायलाच हवे म्हणाले. जयसिंगपूरहून दीपाचा फोन.

एरवी चंदनाबाई दिवस मावळल्यावरच रोजनिशी उघडत. आज दुपारीच लिहून टाकलं, कारण पोरगं पलीकडच्या खोलीत पांढऱ्याफटक चेहऱ्यानं लॅपटॉपपुढं बसलं होतं आणि त्याला उठवणं त्यांच्या हातात नव्हतं.

ऋषभ त्यांच्या दिरांचा नातू. कोल्हापुरात नोकरी लागली तेव्हा त्याच्या आईनं, दीपानं, त्याला या घरी आणून सोडलं. एकट्या काकींना सोबत, पोराला घरचं जेवण. दिवसभर तो एका फाउंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि घरी आला की ॲप बनवायचा. कल्पना त्याची स्वतःची, आणि चांगली होती. कामासाठी परगावी गेला की जेवण शोधेपर्यंत सूर्य बुडायचा, आणि सूर्य बुडाल्यावर जेवायचं नाही म्हणून हा उपाशी झोपायचा. म्हणून हे ॲप. जिथं असाल तिथला सूर्यास्त कधी, आणि त्याआधी जवळच्या कुठल्या जैन घरी पान वाढतील, एवढंच त्यात कळायचं होतं.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व आलं. त्या दहा दिवसांत बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढं उभं राहून जो तो काहीतरी नियम घेतो. कुणी तूप सोडतं, कुणी साखर. दहा दिवस सरले की नियम सुटतो. ऋषभनं नियम घेतला तो असा : ॲप पुरं होईस्तोवर दिवसातून एकदाच जेवणार. मुदत घातलीच नाही. चंदनाबाई शेजारीच हात जोडून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, थोडंच काम राहिलंय, होईल.

पारणं झालं, सगळी जेवायला लागली. ऋषभ मात्र सकाळी एकदा जेवून कामावर जाई, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोटात काही नाही. आणि काम काही संपेना, कारण बस्तीत बातमी पसरली होती.

"ऋषभ, त्यात अष्टमी-चतुर्दशी घाल की. माझ्या ध्यानातच ऱ्हात न्हाय."

"आणि भाज्यांचं? कुठली चालती, कुठली न्हाय, तेबी घाल."

"अरे, लग्नाची स्थळं घाल! आमची मोना एम.कॉम. हाय. जाता जाता तुझंबी जमून जाईल!"

बायका खळखळून हसायच्या. ऋषभ लाजून मान डोलवायचा आणि घरी येऊन खरंच घालत बसायचा. मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काकी, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलाय, त्याला काहीतरी पटवून सांगा की!" सकाळी फोनवर दीपा रडकुंडीला आली होती.

"नियम मोड, असं कुठल्या तोंडानं सांगू, दीपा? तू सांगशील?"



संध्याकाळी उन्हं उतरायच्या आधी चंदनाबाईंनी भाकरी थापल्या, दोडक्याची भाजी केली. ताट झाकून ठेवलं आणि त्या त्याच्या खोलीत गेल्या.

"ऋषभ, देवापुढं उभा राहिलास तेव्हा ॲपमध्ये काय काय घ्यायचं ठरलं होतं?"

"सूर्यास्त आणि जेवण. येवढंच, आज्जी."

"ते झालंय?"

"ते तर कवाच झालंय. सांगली, बेळगाव, सगळीकडं चालवून बघितलंय."

"मग तुझा नियम त्याच दिवशी पुरा झाला."

"ही पळवाट झाली की, आज्जी."

"पळवाट कशी? बोललास तेवढं केलंस. बाकीचं लोकांनी घातलंय. ते तू देवापुढं कुठं बोलला होतास?"

त्यानं पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खांदे जरा सैल पडले.

"बाकीचं बाजूला ठिवतो. हे येवढंच लोकांसाठी खुलं करतो. एक बटण दाबायचं राहिलंय."

"दाब. मी ताट आणते. अजून ऊन आहे."

ताट घेऊन आल्या तर त्याच्या कानाला फोन. बस्तीच्या कमिटीचे बाळासो. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काय साहेब, झालं का न्हाय तुमचं? बरं, ऐक. मुनी महाराजांचा पायी विहार कुठल्या वाटेनं चाललाय, कुठल्या गावात मुक्काम, ते घाल त्यात. आणि मगच बाहेर काढ. मी सगळ्यांस्नी सांगून बसलोय, माझं नाक कापू नको!"

चंदनाबाई मानेनं नको नको म्हणत होत्या. हातात ताट नसतं तर त्यांनी फोन हिसकावून घेतला असता. निदान तसं त्यांना वाटलं.

"व्हय, काका," ऋषभ म्हणाला. "घालतो."

फोन ठेवून त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "महाराजांचं हाय, आज्जी. न्हाय कसं म्हणू? आता ते घातल्याबिगर ॲप पुरं न्हाय."

महाराजांचा विहार नको, हे त्यांच्याही तोंडून निघालं नसतं. त्या ताट घेऊन उभ्याच राहिल्या. खिडकीतलं ऊन समोरच्या गच्चीवर चढलं, पाण्याच्या टाकीवर गेलं आणि तिथून नाहीसं झालं. आता तो हो म्हणाला असता तरी वाढता आलं नसतं. त्यांनी ताट आत नेलं.

रोजनिशी पुन्हा उघडली. ऋषभबद्दल एक ओळ लिहायला घेतली, पण जमेना. मग लिहिलं : उरलेले दूध विरजायला लावले.