वाळवंटात मांडलेलं पान

काकू कुणालाही ‘या एकदा घरी’ असं म्हणत नसत. नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावात मराठी माणसं भेटली की निघताना हे वाक्य होतंच, समोरचा ‘हो हो, नक्की’ म्हणतो आणि दोघं आपापल्या सायकली काढतात. काकू मात्र पर्समधून फोन काढून तारीख बघायच्या. “येत्या शनिवारी साडेबाराला. जेवायलाच या. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही.” समोरचा माणूस गडबडून जायचा. काकू पार डच झाल्या, असं लोक मागे म्हणायचे. ते कानावर आलं तेव्हा काकू म्हणाल्या, “सांगलीत उद्धट म्हणायचे, इथे डच म्हणतात. प्रगतीच आहे.”

शेजारच्या आइंडहोवनला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. खोली पाहून झाल्यावर मी सवयीने ‘कळवते’ म्हणाले. काकूंनी जिन्यातच विचारलं, “कळवते म्हणजे नाही का?” मला नाही म्हणायचं नव्हतं. पण माझं शिक्षण सगळं इंग्रजीत, घरी पाहुण्यांशी आईबाबाच बोलणार. मराठीत मोठ्या माणसाला थेट उत्तर द्यायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती. मी हो म्हणाले. “झालं तर,” म्हणून त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर काढायचा ते सांगितलं.

काकू एका यंत्रांच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या. भाग मापात बसला तर घ्यायचा, नाही तर परत पाठवायचा. त्यांचे यजमान श्रीकांतकाका नेमके उलटे. ते कशालाही ‘चालतंय की’ म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडलं, चालतंय की. सायकल चोरीला गेली, चालतंय की, चालत जाऊ. “हा कारखान्यात आला असता तर मी पहिल्याच दिवशी परत पाठवला असता,” असं काकू माझ्यासमोर म्हणाल्या तेव्हा काका हसत म्हणाले, “पावती हरवली हिच्याकडून.” दोघं कॉलेजात एका वर्गात होते, त्यामुळे घरात अरे-तुरे चालायचं. काकांच्या आईंना ते कधीच आवडलं नव्हतं. “लग्नानंतर चार वर्षं मी त्या घरात राहिले,” काकू एकदा मला म्हणाल्या. “एकदाही मोठ्याने हसले नाही. मग इथे आलो.”

काका आजारी पडले आणि थोड्याच महिन्यांत गेले. जाण्याआधी हॉस्पिटलमध्ये त्यांनी काकूंचा हात धरून एक गोष्ट मागितली. सांगलीत आई एकटी आहे, सांभाळणाऱ्या बाईच्या भरवशावर आहे. मी गेल्यावर तू तिच्याजवळ जाऊन राहा. काकूंनीच हे मला सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. “गप्प बसले. हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायची ती वेळ नव्हती.”

दहाव्या दिवशी सांगलीचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. मागच्या अंगणात बागेतल्या टेबलावर पिंड ठेवला होता. इथले कावळे लहान, राखाडी मानेचे. ते कौलांवर ओळीने बसले आणि खाली बघत राहिले. एकही उतरेना. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जमलेल्यांपैकी प्रत्येक जण हात जोडून काही ना काही कबूल करू लागला. ऋचाचं सगळं नीट होईल, काळजी करू नका. घर आम्ही बघू. कावळे ढिम्म. मग सगळे काकूंकडे वळले, कारण काकांनी काय मागितलं होतं ते एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. ऋचा म्हणजे त्यांची मुलगी, युट्रेख्टला असते. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते डचमध्ये. ती रडत डचमध्ये म्हणाली, “आई, नुसतं जाते म्हण. म्हणायला काय जातं?”

“आणि नाही गेले तर?” काकू म्हणाल्या. “जिवंतपणी त्याच्याशी खोटं बोलले नाही. आता बोलू?”

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायला सांगितला. विधी पुरा झाला. लोक जेवून गेले. काकू मात्र अंधार पडेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. पुढच्या पितृपक्षात त्यांनी सायकलींच्या शेडवर पान ठेवलं, तर उंदीर येतात म्हणून शेजाऱ्यांनी खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तक्रार केली. पक्ष्यांना खायला घालायला इथे मनाई आहे, हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी तासाभरात पान उचललं आणि शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघी नामिबियाला गेलो. वाळवंटातल्या त्या आलिशान सफारी कॅम्पचं स्वप्न काकांचं. निवृत्तीनंतर जायचं म्हणून त्यांनी दोघांचं बुकिंग केलं होतं, आणि कॅम्पवाल्यांनी ते पुढे ढकलून दिलं होतं. ऋचाचं बाळ लहान होतं, तिला जमेना. काकूंनी मला विचारलं. मी इतकं महागाचं काही फुकटात घ्यायला बिचकत होते. “एकटी गेले तर दर जेवणाला समोर रिकामी खुर्ची,” त्या म्हणाल्या. “तू फार बोलत नाहीस, पण खुर्चीपेक्षा बरी.” काकांची तिथी त्याच दिवसांत येते, हे तिकिटं काढून झाल्यावर लक्षात आलं.

छोट्या विमानातून उतरलो तेव्हा चारी बाजूंना लाल वाळू होती आणि मध्ये दहा-बारा तंबू. तंबू म्हणायचे एवढंच. आत लाकडी जमीन, तांब्याचा न्हाणीचा टब, पांढऱ्या चादरी, बाहेर दोघांपुरता पोहण्याचा हौद. टेबलावर नियमांचा कागद होता. काकूंनी तो चष्मा लावून मला मोठ्याने वाचून दाखवला. खाण्याचा पदार्थ तंबूत किंवा तंबूबाहेर ठेवू नये, हा पहिलाच नियम. त्यांनी लगेच पिशवीतला भडंगाचा डबा आणि मेतकूट काढलं आणि जाऊन स्वयंपाकघरात जमा करून आल्या. “नियम आहे,” म्हणाल्या. “प्राण्यांना काय माहीत, भडंग कुणाचं ते.”

दुसऱ्या दिवशी तिथी होती. सकाळीच आमच्या तंबूच्या खांबावर एक कावळा येऊन बसला. मोठा, काळाभोर, छातीवर पांढरा पट्टा. काकू त्याच्याकडे किती तरी वेळ बघत होत्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि मऊ भात आणि दही मागून आणलं. पोट बिघडलंय असं समजून आचाऱ्याने सोबत केळंही दिलं. भडंगाचा डबाही त्यांनी मागून आणला. काकांना भडंग फार आवडायचं.

मी म्हणाले, “काकू, पहिला नियम.”

“ठाऊक आहे. मी समोरच बसणार आहे. तो शिवला की लगेच उचलायचं.”

दक्षिणेकडे तोंड करून त्यांनी एका सपाट दगडावर पान मांडलं, म्हणजे बशीच. भातावर दही, बाजूला मूठभर भडंग. हात जोडले आणि कावळ्याला साद घातली. “काऽ… काऽ…” शेजारच्या तंबूतलं डच जोडपं कॉफीचे कप हातात घेऊन बाहेर आलं आणि अदबीने आत गेलं. कावळा मान वाकडी करून बघत होता.

दुपार गेली. भात सुकला. कावळा उडून जायचा, फेरी मारून परत त्याच खांबावर यायचा. जेवायला मी एकटीच जाऊन आले. परत येऊन मी म्हटलं, “काकू, म्हणा ना काहीतरी. इथे कुणी ऐकत नाहीये.”

“तो ऐकतोय ना,” काकू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने त्या बशीकडे बघून बोलल्या. आवाज रोजचाच होता, भाजीबद्दल बोलावं तसा. “श्रीकांत, मला नाही जमणार. पैसे पाठवीन, बाई ठेवीन, वर्षातून दोनदा जाऊन येईन. राहायला नाही जाणार. तुला राग येणार असेल तर येऊ दे.”

कावळा उतरला नाही. ऊन कलल्यावर तो जो उडाला तो आलाच नाही. काकू तोंडावर पाणी मारायला आत गेल्या. मी त्यांना टॉवेल द्यायला मागे गेले. भांडं घासल्यासारखा आवाज आला म्हणून दोघी बाहेर डोकावलो, तर पाठीवर काळी झूल घातल्यासारखा एक कोल्हा भात खात होता. त्याने शांतपणे बशी चाटली, भडंगही संपवलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि टेकडीमागे गेला.

सकाळी न्याहारीच्या वेळी कॅम्पच्या मॅनेजरबाई सगळ्यांसमोर आल्या. तंबूंजवळ कोल्ह्याची पावलं दिसली आहेत, कुणी बाहेर काही ठेवलं होतं का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकू उभ्या राहिल्या. “मी ठेवलं होतं. नवऱ्याच्या श्राद्धाचं. नियम वाचून ठेवलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणत नाही.” सगळे खाली मान घालून अंडी खाऊ लागले. मॅनेजरबाई आवाज न चढवता म्हणाल्या, “माणसाच्या हातचं मिळतं हे त्याला एकदा कळलं की तो येत राहतो. मग चावतो. येत राहिला तर आम्हाला त्याला गोळी घालावी लागते.”

“आणि नाही आला तर?”

“तर वाचला.”

उरलेले दिवस काकू कुठल्याच सफारीला गेल्या नाहीत. तांब्याच्या टबात पाय बुडवायचं काकांचं फार मनात होतं, त्याकडेही फिरकल्या नाहीत. टोपी घालून तंबूबाहेर खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर एक स्टीलचं ताट आणि मोठा चमचा. कोल्हा टेकडीवर दिसला की उठून ताट बडवायच्या आणि मराठीत ओरडायच्या. “जा म्हणते ना! काही नाही इथे! जा!” शांततेसाठी एवढे पैसे मोजून आलेली माणसं वैतागली. शेजारच्या डच गृहस्थांनी मला हळूच विचारलं, तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना. त्या माझ्या आई नाहीत, हे मी सांगितलं नाही. मॅनेजरबाईंनी मात्र काकूंना थांबवलं नाही. संध्याकाळी त्याच त्यांना सरबत आणून द्यायच्या.

बेस्टला परत आल्यावर काकू दर शनिवारी मॅनेजरबाईंना मेसेज करून विचारायच्या. दिसला नाही, असं उत्तर यायचं. काकू मला खालून हाक मारून सांगायच्या, “नाही आला गं.” नोव्हेंबरात एका शनिवारी हाक आली नाही. मी खाली गेले. कोल्हा एका पाहुण्याच्या तंबूत शिरला होता. कॅम्पवाल्यांना जे करावं लागणार होतं ते त्यांनी केलं होतं. बाईंनी दोन ओळींत सभ्यपणे कळवलं होतं, आणि दोष तुमचा एकटीचा नाही असंही लिहिलं होतं.

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. नळ चालू होता. मी तो बंद केला.

“ज्याने मागितलं नव्हतं त्याला हाताने वाढलं,” त्या म्हणाल्या. “आणि ज्याने मागितलं त्याला म्हटलं, नाही जमणार.”

मी म्हटलं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, काकू. त्या म्हणाल्या, “नाही ना. मलाही माहीत आहे.” आणि वर जाऊन कपाटावरची बॅग काढू लागल्या.

कारखान्यातून त्यांनी बिनपगारी रजा घेतली. मी त्यांना स्किपोलपर्यंत सोडायला गेले. गाडीत त्या घराबद्दल सांगत होत्या, बॉयलर, डबे, ऋचाचा नंबर. विमानतळावर मी विचारलं, परत कधी. काकूंनी फोन काढला नाही. “माहीत नाही,” म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा अनोळखी जागी रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला. काकांना त्यांनी शेवटपर्यंत शब्द दिला नव्हता. नुसत्याच गेल्या.

त्या आल्याच नाहीत. पुढे ऋचाने घर विकायला काढलं, मी युट्रेख्टला लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेले. रविवारी सकाळी मी त्यांना फोन करते. काकांच्या आईंना आता फारसं आठवत नाही. सून त्यांना ओळखू येत नाही, नवी ठेवलेली बाई समजतात आणि चहात साखर जास्त झाली म्हणून ओरडतात. मुलगा मात्र आठवतो. सुरुवातीला त्यांनी विचारलं की काकू खरं सांगायच्या, श्रीकांत गेला. मग त्या जणू नव्यानेच ऐकल्यासारख्या रडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. हे काकूंनीच मला सांगितलं होतं, आणि पुढे काय करावं कळत नाही, असंही म्हणाल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मला सल्ला विचारत होत्या.

गेल्या रविवारी आम्ही बोलत असताना पलीकडून म्हातारा आवाज आला. “अगं ए, श्रीकांत कधी येणार?”

काकूंनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

“निघालाय,” काकू म्हणाल्या. “उद्या पोचेल. तुम्ही जेवून घ्या.”

मग फोनजवळ येऊन मला म्हणाल्या, “हां, बोल. नव्या घरात ऊन येतं का गं?”