परड्यातला शिंजीर

शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झाल्यावर दिलदार मुजावर घरामागच्या परड्यातल्या पाखरांचे फोटो काढू लागले. जास्वंदीवर येणारा इवलासा निळाकाळा शिंजीर त्यांचा लाडका. पावसाळा सरला आणि त्याच्या जागी एक मातकट पाखरू आलं, गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेलं.

"ह्याला काय रोग झाला व्हय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मादी असंल की!" मेहमुदा म्हणाल्या.

लेक सबिना फोनवर म्हणाली, "अब्बा, विणीनंतर नर पिसं बदलतो. त्योच हाय."

दिलदारना हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी जास्वंदीवर दोघं शेजारी बसले होते, एक निळाकाळा, एक मातकट. कॅमेरा कुणावर रोखायचा तेच त्यांना कळेना.

"ह्यातला माझा कुठला गं?"

त्यांनी बायकोला विचारलं. शेवटी दिलदारनी दोघांचा मिळून एकच फोटो काढला आणि तो बघत दुपारपर्यंत बसून राहिले.