दोन गोंड्यांची टोपी

लोकरवाल्या मावशींचं लोकरीचं छोटं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला घरचं सगळं सांगायची खोड होती. म्हणून बायकांच्या वॉर्डात सिस्टर असलेल्या त्यांच्या लेकीने फोनवर म्हटलं, "आई, गुलाबी लोकरीची एक इवलीशी टोपी विणून दे," तेव्हा मावशींनी पुढचं काही विचारलंच नाही. लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. "नाड्या कानाशी नको, वर दोन्ही बाजूंना लाव. टोकाला एकेक गोंडा," असं लेक म्हणाली, तेव्हाही आजकालची फॅशन म्हणून त्या गप्प बसल्या. टोपी लेकीच्या हाती पडायच्या आत बातमी नणंदेपासून शेजारच्या शिंप्यापर्यंत पोचली होती.

महिन्याभराने नणंदेनेच मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "बघा वहिनी, तुमच्या नातवाची टोपी."

पडद्यावर लेक टोपी हातात धरून सांगत होती, "ही झाली गर्भाची पिशवी. या नाड्या म्हणजे नळ्या, हे गोंडे म्हणजे बीजकोष. ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर गोंडेही काढणार का, ते डॉक्टरांना आधी विचारून घ्या." खाली बायकांच्या प्रश्नांची रांग लागली होती.

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लेकीला फोनवर सुनावलं, "झाकायचं ते चव्हाट्यावर मांडतेस. निदान तोंड तरी दाखवू नकोस."

लेक बरं म्हणाली. तेव्हापासून व्हिडिओत फक्त दोन हात आणि टोपी. बायका तिला टोपीवाली ताई म्हणू लागल्या.

पुढे मावशींचीच पिशवी काढायची वेळ आली. लेकीच्या हॉस्पिटलात ओळखी निघतील म्हणून त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाचं हॉस्पिटल गाठलं. शेजारच्या खाटेवर एक कंडक्टरबाई होत्या, त्यांचंही तेच ऑपरेशन. आदल्या दुपारी त्यांनी मोबाइल उशीला टेकवून ठेवला.

"या टोपीवालीचं ऐकलं ना मावशी, की माझी धडधड कमी होते. सासू म्हणते, पिशवी गेली की बाई पोकळ होते. ही म्हणते, सासूबाईंना सांगा, आतडी सरकतात आणि जागा भरून काढतात. रिकामी सीट आमच्या गाडीतसुद्धा इतक्या लवकर भरत नाही."

कोपऱ्यातल्या आजी पुटपुटल्या, "कुणाची पोर आहे कोण जाणे. आईने काही वळण लावलेलं दिसत नाही."

मावशींनी चादरीची सुरकुती सारखी केली.

"तुमचं लोकरीचं दुकान ना? अशी टोपी कुठे मिळेल हो? डेपोतल्या बायांना दाखवीन."

"बाजारात मिळते," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी लेक डबा घेऊन आली. दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, कंडक्टरबाई कोपर टेकून उठून बसल्या. "अगं, हा आवाज... तू टोपीवाली ताई ना?"

लेकीने आईकडे पाहिलं. मावशींची नजर डब्यावर.

"नाही हो," लेक हसून म्हणाली. "पुष्कळ जणी फसतात."

निघताना ती आईच्या कानाशी वाकली. "गोंड्यांचं विचारलंस ना डॉक्टरांना?"

मावशींनी हो म्हणून मान हलवली. खरं तर डॉक्टरांसमोर त्यांची जीभच उचलली नव्हती.

लेक गेल्यावर त्या कंडक्टरबाईंकडे वळल्या. मग हलकेच म्हणाल्या, "ती माझीच. टोपीही मीच विणलेली."

"कळलं मला," कंडक्टरबाई म्हणाल्या. "पण मला सांगून काय उपयोग, मावशी?"

मावशींनी फोन लावला. "सकाळी लवकर ये गं. मी काही विचारलेलं नाही. डॉक्टर आले की तूच विचार."

 पलीकडून लेकीने विचारलं, "कोण म्हणून विचारू, आई?"

"माझी लेक म्हणून," मावशी म्हणाल्या. पण ते कोपऱ्यातल्या आजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायला हवं होतं, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं.