तिसरं बाळंतपण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, रूममेटला नाही — मॅडमना तर नाहीच. तुला भराभर टाइप करून पाठवतेय, कारण थांबले तर खोडून टाकीन.

एमए झालं आणि समाजशास्त्राच्या एका मॅडमकडे सर्वेक्षणाचं काम मिळालं. विषय — आपल्या नगर जिल्ह्यात लग्न करून लांबून आणलेल्या बायका. इथं शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनात, मग ओडिशा, बंगालकडून करून आणतात. तर ती कुठून आली, समाज कुठला, बाळंतपणं किती, असं सगळं विचारायचं. मला लई भारी वाटायचं. रोज नवीन घर, रोज नवीन गोष्ट.

सोनईजवळच्या एका वस्तीवर ती भेटली. ओडिशाची. सहा वर्षांत मराठी अशी शिकलेली की मलाच चिडवायला लागली, "ताई, तुमी लई पुस्तकातलं बोलता." गोठ्यामागे बसून तिनं सांगितलं — इथली दोन पोरं, आणि आधीच्या लग्नाची एक मुलगी, तिकडे तिच्या आईपाशी. सासरी कुणाला माहीत नाही.

"घरात बोलू नका. न्हाईतर मला ठेवनार न्हाईत."

मी हो म्हटलं. म्हटलं ना?

टॅबवर दोन फॉर्म असतात. एक बाईचा, एक घरचा — तो सासू सांगते. आकडे जुळले नाहीत की लाल खूण येते. अशा वेळी घरात काही न विचारता सुपरवायझरला फोन करायचा, हे आम्हाला शिकवलेलं होतं. दोन मिनिटांचं काम. मी ओट्यावर बसलेल्या सासूला विचारलं, "मावशी, सूनबाईंची बाळंतपणं तीन ना?"

"दोन. तिसरं कुठलं गं?"

"त्यांनीच सांगितलं."

तोंडातून निसटलं? नाही. मला माहीत होतं मी काय करतेय. जे या घरालाही माहीत नाही ते मला कळलंय — हे कुणाला तरी सांगायचं होतं. बास, एवढंच. ती दारातच उभी होती.

सासूनं एकदा दाराकडे बघितलं, मग म्हणाली, "दोनच लिही." मी दोन केलं. लाल खूण गेली.

महिन्यानं फेरतपासणीला गेले. पोरं अंगणात होती, ती नव्हती. "धाडली तिला तिच्या गावाला," सासू म्हणाली. "पोरं आमची हायेत."

जुनी नोंद टॅबमध्ये राहते. मॅडमनी विचारलं, आधी तीन, मग दोन कसं? मी म्हटलं — बाईंचा गोंधळ झाला होता, मॅडम.

आता अहवाल आलाय. त्यात एक वाक्य आहे: परप्रांतातून आलेल्या काही स्त्रियांना स्वतःच्या बाळंतपणांची संख्या खात्रीनं सांगता येत नाही.

काही म्हणजे ती एकटीच. तिनं मला मुलीच्या जन्माचा वार सांगितला होता, वेळ सांगितली होती, दाईचं नावसुद्धा — मी न विचारता.