फासे उघड्यावर

इंग्लंडहून नवा खेळ आला की दत्तूभाऊ तो डबा लगेच उघडत नसत. हातात धरून वजन बघत. "जड झालाय," म्हणत, आणि एवढ्यावर त्यांचं निम्मं मत झालेलं असे.

आमच्या ऊसमळ्यांच्या बेटावर, व्हाकोआ गावात, ते आमचे शेजारी. सरकारी इस्पितळात नर्स होते. सत्तरच्या दशकात शिकायला इंग्लंडला गेले आणि येताना एक अजब खेळ घेऊन आले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पेच पडला की फासे टाकून निकाल लावायचा. शनिवारी दुपारी त्यांच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो. गोष्ट सांगणारे दत्तूभाऊ, त्यांची बायको लीलावहिनी, गॅरेजवाला सर्ज आणि शाळेत शिकवणारी मी. सर्जमुळे खेळ अर्धा क्रेओलीत, बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, चाले. खेळाच्या नियमपुस्तकातले किल्ले आणि बर्फ दत्तूभाऊ गाळून टाकत. त्यांच्या गोष्टीत ऊस असे, बंद पडलेला साखर कारखाना असे. लीलावहिनी पितों गावच्या, उसाच्या रानात वाढलेल्या. खेळात त्या तारा नावाची होडीवाली होत आणि भुताशीसुद्धा भाड्यावरून भांडत.

दत्तूभाऊंची इंग्लंडातली बहीण नवे नवे डबे पाठवी. ड्यूटीवरून दमून आलेले दत्तूभाऊ बूट न काढताच वाचायला बसत आणि बहुतेक वेळा पुस्तक मिटून सुस्कारा सोडत. "पहिल्या पुस्तकात अर्धं कळत नव्हतं, म्हणून आपण बोलायचो. आता दार किती जाड तेपण लिहिलंय. मग तुम्ही मला काय विचारणार?" एका खेळात माणसांना वेड लागण्याचे नियम होते. ते वाचून म्हणाले, "ह्याने वेड्यांचा वॉर्ड बघितलेला नाय."

एका डब्यात पुठ्ठ्याचा घडीचा पडदा निघाला. गोष्ट सांगणाऱ्याने त्याच्याआड फासे टाकायचे, म्हणजे वाईट आकडा पडला तरी सोयीचा सांगता येतो. दत्तूभाऊंना तो मुळीच आवडला नाही. "फासे उघड्यावर पडले नाहीत तर मग सगळी माझीच बडबड," म्हणाले, आणि पडदा कपाटावर टाकला.

त्याच वर्षी लीलावहिनींच्या पोटात दुखू लागलं. ऑपरेशन झालं. रोग पसरलाय, असं डॉक्टरांनी दत्तूभाऊंना सांगितलं. त्यांनी ते सर्जला आणि मला सांगितलं. वहिनींना मात्र म्हणाले, "रिपोर्ट साफ आहे."

त्यानंतर खेळ वहिनींच्या खाटेपाशी होऊ लागला. एका शनिवारी आम्ही गेलो तर स्टुलावर तो पडदा उभा होता. सर्जने माझ्याकडे पाहिलं. ताराला पुरातून होडी न्यायची होती. दत्तूभाऊंनी पुठ्ठ्याआड फासा टाकला आणि म्हणाले, "निभावली." थोड्या वेळाने पुन्हा टाकला. "निभावली."

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. "पुठ्ठा काढा," म्हणाल्या.

"कशाला?"

"तुम्ही कधी लपवून टाकत नव्हता. काढा."

"लेस ली, लीला," सर्ज हळूच म्हणाला. असू दे.

दत्तूभाऊंनी पडदा बाजूला केला. फाशावर एक होता.

"बुडली होती ना?"

"हो."

"मघाशीपण?"

"हो."

"आणि माझा रिपोर्ट?"

दत्तूभाऊंनी गुडघ्यांवर हात ठेवले. बाहेर व्हाकोआचा तो न संपणारा बारीक पाऊस चालू होता. "पसरलंय," शेवटी म्हणाले.

"मला ठावं आहे. मोठ्या डॉक्टरला मीच विचारलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." त्यांनी डोळे मिटले. "दमले थांबून."

आम्ही दोघं उठू लागलो. वहिनींनी आम्हाला बसवलं. "तारा बुडते ते तरी नीट सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दत्तूभाऊंनी सांगितलं. होडी कशी फिरली, वल्हं कसं सुटलं. मधेच खाकरून पुढे सांगत. "तिथं पाणी एवढं खोल नाय," वहिनी एकदा म्हणाल्या. दत्तूभाऊंनी मान डोलावली आणि पाणी उथळ केलं. ताराला बुडायला मग बराच वेळ लागला.

ऊसतोड संपायच्या आत वहिनी गेल्या. पुढे सर्ज बायकोपोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. खेळ बंद पडला, पण बहीण डबे पाठवत राहिली, आणि दत्तूभाऊ प्रत्येक पुस्तक वाचून कुंपणापाशी येऊन मला मत सांगत राहिले. बहुतेक वाईटच.

ते निवृत्त झाले त्या वर्षीचा एक डबा मला आठवतो. संध्याकाळी ते तो घेऊन कुंपणापाशी उभे होते. कसा आहे, म्हणून मी विचारलं.

"चांगला आहे," म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "नियम थोडे आहेत. बोलायला जागा ठेवलीय." त्यांनी झाकण नीट बसवलं. "चौघं असतील तर खेळण्यासारखा आहे."