खंदकाच्या अलीकडचे दादा

जगातली प्रत्येक सुंदर गोष्ट पलीकडच्या फुटपाथवरून पाहायची असते, असं मानणारे आणि सबंध आयुष्य त्याप्रमाणे जगणारे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते माझ्या ताईचे थोरले दीर आहेत. ताई त्यांना दादा म्हणते म्हणून मीही म्हणते. कोलकात्यात भाजीवाल्यापासून बस कंडक्टरपर्यंत सगळेच दादा असल्यामुळे रस्त्यात मी हाक मारली की चार-पाच जण वळून बघतात. जे बघत नाहीत ते आमचे.

बँकेनं माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा ताईनं पुण्याहून बजावलं होतं, "दादा डमडमलाच आहेत, काही लागलं तर त्यांना सांग." मी घर लावून होते न होते तोच त्यांचा फोन आला. "मी आलोय. खाली ये. तुमची इमारत इथून फार छान दिसतेय." वर चला म्हटलं तर म्हणाले, "वर आलो तर इमारत कशी दिसणार?" त्या दिवशी आम्ही पाहुणचार रस्त्यावर उरकला. दादांचा जन्म कोलकात्याचाच, त्यामुळे मराठी घरातलं आणि विशेषणं बाहेरची. 'भीषण' हा शब्द ते बंगाल्यांसारखा 'फार' या अर्थानं वापरत. मी डब्यातून खाली नेलेला उपमा उभ्यानं संपवून "भीषण झालाय" असं ते म्हणाले, तेव्हा मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पुढे बरेच दिवस मी त्यांना काही खायला नेलं नाही, आणि का नेत नाही हे त्यांना कळलं नाही.

ते गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी जहाजांचे नकाशे काढले आणि एकाही जहाजावर पाय ठेवला नाही. पूजेच्या दिवसांत सगळं शहर मांडवात शिरत असताना ते समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून देवीला नमस्कार करत. फुटबॉलची मॅच ते मैदानाच्या भिंतीबाहेर झाडाखाली बसून ऐकत आणि घरी येऊन रेफरीच्या चुका सांगत. तरुणपणी त्यांच्या आईनं त्यांना जमशेदपूरला मुलगी बघायला पाठवलं होतं. समोरच्या चहाच्या दुकानातून त्यांनी ते घर बघितलं. गॅलरीत कुंड्या होत्या, दारात रांगोळी होती. दोन गाड्या सोडून ते तिसरीनं परत आले. "घर भीषण सुंदर होतं," आईनं विचारल्यावर ते म्हणाले. "त्यात मी जाऊन काय भर घालणार?" आईनं त्यानंतर स्थळं बघणं सोडून दिलं.

या माणसाचं एकाच वास्तूवर खरंखुरं प्रेम होतं, आणि ती म्हणजे मेदिनीपूरकडचा एक जुना गड. आपल्या मनातला गड डोंगरावर असतो. तिकडे डोंगरच नाही, म्हणून कुण्या राजानं भोवती रुंद खंदक खणून मधल्या बेटावर गढी बांधली. राजाचे वंशज अजून तिथंच राहतात आणि आत जायला नावेशिवाय वाट नाही. दर थंडीत एका रविवारी दादा हावड्याहून गाडी पकडत, पुढे बसनं जात, खंदकाच्या अलीकडच्या काठावर चटई टाकत आणि संध्याकाळपर्यंत गढीकडे बघत बसत. तरुणपणापासूनचा नेम.

एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले. खोटं कशाला बोलू, गढी देखणी होती. स्थिर, हिरवट पाणी, त्यात उलट्या पडलेल्या कमानी, नारळांच्या मधून डोकावणारं देवळाचं शिखर. दादांनी मला मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, पुडा दिला आणि म्हणाले, "बघ."

मी अर्धा तास बघितलं. मग म्हटलं, "आता पलीकडे जाऊ या?"

"आत गेलं की गड दिसत नाही," दादा म्हणाले. "खोल्या दिसतात."

तेवढ्यात पलीकडून एक नाव सुटली आणि थेट आमच्यासमोर येऊन लागली. नावाडी खाली उतरला, दादांना नमस्कार करून म्हणाला, "ठाकुमांनी बोलावलंय." ठाकुमा म्हणजे त्या घरातल्या आजी. "म्हणाल्या, दर वर्षी एकटे येतात म्हणून संकोचत असतील. यंदा बौदी बरोबर आहेत, आता घेऊनच ये."

मी बौदी, म्हणजे यांची बायको, नाही हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "या बौदी, पाय जपून टाका."

दादा उठले. चटई गुंडाळली, पुन्हा पसरली आणि तिच्यावर बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. नावाड्याला समजू नये म्हणून ते मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, "आत गेलो आणि नाही आवडलं तर? मग दर थंडीत मी कुठं जाऊ?"

नावाड्यानं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. "गुडघ्यांमुळे ठाकुमांना खाली उतरवत नाही. दर वर्षी तिथून तुम्हाला हात करतात. आत्ताही करताहेत."

खिडकीत काहीतरी पांढरं हलत होतं. दादा ते बघत राहिले.

"मला तो पडदा वाटायचा," ते म्हणाले, आणि चपला काखेत मारून नावेत बसले.

सगळा वेळ त्यांनी नावेच्या दोन्ही कडा घट्ट धरून ठेवल्या होत्या. आत खरोखरच खोल्या होत्या. गिलावा सुटलेला, एका बाजूचं छप्पर गेलेलं, कमानीतून शाळेचे गणवेश वाळत घातलेले. एक मोटरसायकलही होती. ती खंदकाच्या आत कशी आली हे विचारायचं राहून गेलं. जिना चढून आम्ही वर गेलो. पांढऱ्या साडीतल्या एक ठेंगण्या आजी खिडकीशी बसल्या होत्या.

"इतकी वर्षं लागली?" त्या दादांना म्हणाल्या. "खंदक काही एवढा रुंद नाही."

मग त्यांनी सांगितलं की घरात सगळे यांना 'ओपारेर बाबू', म्हणजे पलीकडच्या काठाचे बाबू म्हणतात. हे येऊन बसले की थंडी पडली असं धरून रजया काढतात. "एका वर्षी तुम्ही आला नाहीत," आजी म्हणाल्या. "मी बाजारात माणूस पाठवला. पण नावच ठाऊक नाही, तो बिचारा कुणाची चौकशी करणार?"

"त्या वर्षी आई गेली," दादा म्हणाले.

"मला वाटलंच," आजी म्हणाल्या, आणि सुनेला चहा आणायला सांगितलं.

परतताना हावड्याला गाडीतून उतरताच दादा म्हणाले, "गिलाव्याचं काहीतरी करायला हवं," आणि हे अशा सुरात की जणू तो त्यांच्याच डोक्यावर पडणार होता.

पुढच्या वर्षी माझी बदली नागपूरला झाली. थंडी सुरू झाली आणि एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"मी आतून बोलतोय," दादा म्हणाले.

"कसं आहे आत?"

"आजी बऱ्या आहेत. छप्पर तसंच आहे." मग म्हणाले, "इथल्या खिडकीतून तो काठ फार सुंदर दिसतो गं. नुसता रिकामा आहे. कोणीतरी तिथं बसायला हवं होतं."

मागून कोणीतरी बंगालीत जेवायला हाक मारली. "ठेवतो, पान वाढलंय," असं म्हणून ते गेले आणि फोन बंद करायचा विसरले. मीही केला नाही. भांड्यांचे आवाज येत होते, आजी कशाला तरी हसत होत्या, आणि घरभराच्या गलक्यात दादा कुणाला तरी सांगत होते की पुरे, आता वाढू नका.